जयपूरचा ‘तमाशा’ : नामसाम्य आणि प्रयोगरूप

जयपूरच्या शास्त्री नगर या नव्या वसाहतीपासून जुन्या ब्रह्मपुरीचे अंतर फारसे नाही. या ब्रह्मपुरीत धूलिवंदनाच्या दिवशी ‘अखाडा’ भरतो आणि भट्ट घराण्यातील कलावंत ‘रांझा-हीर’ गातात. या प्रयोगाचे तेथील नाव ‘तमाशा’. मराठी अभ्यासकाचे कान या नावाने टवकारले जावेत, हे स्वाभाविकच आहे. त्यात राजस्थानी लोकनाट्याविषयीच्या माहितीपर पुस्तकांतून एक विधान वारंवार आढळते : सवाई प्रतापसिंहाने (कारकीर्द १७७८ ते १८०३) महाराष्ट्रातील बंशीधर भट्ट यांना आपल्या गुणीजनखान्यात आश्रय दिला आणि तेथून हा तमाशा सुरू झाला.

या एका विधानावर ‘आपला तमाशा उत्तरेत गेला’ असा निष्कर्ष उभा करण्याचा मोह मोठा आहे. काळ तर नेमका जुळतो. राम जोशी, अनंत फंदी यांच्या लावण्या-पोवाड्यांचा हाच काळ. १७८७ मध्ये तुंग्याच्या रणात महादजी शिंद्यांच्या फौजेशी लढणारा प्रतापसिंह महाराष्ट्रातील गुणिजनांना आश्रय देतो, ही कल्पनाही रम्य आहे. परंतु कालसाम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे. ‘तमाशा’ हा शब्द मूळ अरबी. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानातील अनेक भाषांत रुळला. मराठीला आणि ढुंढाडीला तो स्वतंत्रपणे मिळू शकतो. तेव्हा नाव बाजूला ठेवून प्रयोगाकडेच पाहिले पाहिजे.

प्रयोगात काय दिसते? मराठी तमाशाची ओळख गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने होते. ढोलकी, तुणतुणे, हलगी आणि मंजिरी यांवर त्याचा ठेका उभा राहतो. ब्रह्मपुरीच्या अखाड्यात हा क्रम नाही. तेथे कथा पदापदाने गायिली जाते आणि पदे रागांत बांधलेली असतात. भूपाली, आसावरी, जौनपुरी, मालकंस, दरबारी, बिहाग हे राग कथेतील प्रसंगांसोबत बदलत जातात. साथीला सारंगी, तबला, हार्मोनियम. नट प्रथम गायक असतो; पायांत घुंगरू बांधून, स्वर लावतच तो भूमिकेत शिरतो. म्हणूनच संहितेवरून या प्रकाराचे मूल्यमापन करणारा समीक्षक हमखास फसतो. कागदावर कथानक सैल वाटते. परंतु कथेची गती येथे संवादाने नव्हे, रागाच्या पालटाने ठरते. गुणीजनखान्याशी या परंपरेचे नाते होते, हे सांगायला कागदपत्रापेक्षा हे गाणेच अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरावे.

याहून महत्त्वाचा भेद सामाजिक आहे. मराठी तमाशा महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील कलावंतांनी जगवला. फडांनी गावोगाव हिंडून, सुपारी घेऊन, उपेक्षा सोसून. त्यात उतरलेले ब्राह्मण पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांना पवळाबरोबर उभे राहण्याची किंमत जातीबाहेर पडून मोजावी लागली. जयपूरचा तमाशा मात्र ब्राह्मण घराण्याकडे पिढीजात आहे. त्याला ठरलेली जागा आहे, ठरलेली तिथी आहे आणि शहराचा मानही आहे. या दोहोंना एकाच वृक्षाच्या फांद्या म्हणताना हे अंतर पुसले जाते. आणि ते पुसले गेले तर मराठी तमासगिराने जे सोसले त्याचाही हिशेब चुकतो. नामसाम्याच्या उत्साहाला माझा आक्षेप आहे तो प्रामुख्याने यासाठी.

अलीकडे अशा परंपरांविषयी ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द सरसकट वापरला जातो. अमेरिकेत १९५८ साली माइक सीगर, जॉन कोहेन आणि टॉम पेली यांनी ‘न्यू लॉस्ट सिटी रॅम्ब्लर्स’ हा वाद्यवृंद काढला. १९२०–३० च्या दशकांतील ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी डोंगराळ दक्षिणेतील जुने तंतुवाद्यसंगीत पुन्हा वाजवले. ते खरे पुनरुज्जीवन : तुटलेला धागा बाहेरच्यांनी शोधून जोडला. ब्रह्मपुरीत धागा तुटलेलाच नाही. फूलजी, मन्नूजी, गोपीजी भट्ट अशी नावे तेथे घरातल्या शिक्षणातून पुढे येतात. मात्र या अखंडपणाचीही एक मर्यादा आहे. घराबाहेर शिकवले न गेलेले गाणे घराच्या आकाराइतकेच राहते. तात्कालिक राजकारणावरील शेरे पदांमध्ये पेरण्याची प्रथा श्रोत्यांना हसवते, क्वचित बोचतेही. त्यामुळे प्रयोग ताजा राहतो, हे मान्य. पण हशाच्या मागे लागून आसावरीचा विस्तार आखडता घेतला गेला, तर या तमाशाचे हाडच मोडेल. बैठकीच्या लावणीत अदेला टाळी मिळू लागली आणि ठाय लयीतले गाणे मागे सरले, हे आपण आपल्याकडे पाहिलेलेच आहे. नात्याचा शोध घ्यायचाच असेल, तर तो बंशीधरांच्या मूळ गावापेक्षा या समान धोक्याच्या दिशेने घ्यावा, असे वाटते. त्यासाठी प्रथम अखाड्यातील पदे रागतालांसह लिहून काढावी लागतील. केवळ कथासार टिपून भागणार नाही.