मुद्रित व्याख्यानाचे स्वामित्व : एक चिकित्सा

वर्गातील व्याख्यान तासाबरोबर संपत असे. वहीत उरे ते विद्यार्थ्याचे. त्यामुळे व्याख्यान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न प्राध्यापकवर्गात क्वचितच उपस्थित झाला. 2020 च्या टाळेबंदीत तासिका पडद्यावर आल्या, त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण होऊ लागले आणि व्याख्यानाला वस्तुरूप प्राप्त झाले.

अशा मुद्रणावर संस्थेचा हक्क सांगताना कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 17 (सी) चा आधार घेतला जातो. सेवाकराराखालील नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. शिवाय चित्रफितीचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्यालाच ओळखतो. युक्तिवाद भक्कम वाटतो. परंतु तो अपुरा आहे. अध्यापकाची नेमणूक शिकविण्यासाठी असते, पुनःपुन्हा दाखविता येईल अशी फीत तयार करण्यासाठी नव्हे. स्टीव्हन्सन जॉर्डन अँड हॅरिसन विरुद्ध मॅकडोनाल्ड अँड इव्हान्स (1952) या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने नेमका हा भेद केला : नोकराने दिलेल्या जाहीर व्याख्यानांचे स्वामित्व त्याचे, आणि कंपनीने सोपविलेल्या कामातून झालेले लेखन कंपनीचे.

याहून महत्त्वाची तरतूद भारतीय कायद्यातच आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. कलम 2 (क्यूक्यू) मधील 'सादरकर्ता' या व्याख्येत नट, गायक, जादूगार व गारुडी यांच्या पंक्तीला व्याख्यान देणारी व्यक्तीही बसविली आहे. (ही संगत काही विद्वानांना रुचणार नाही, लाभ मात्र मोठा आहे.) सादरकर्त्याचा हक्क 50 वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 38ए असे सांगते की, सादरकर्त्याने चित्रफितीत समावेशास लेखी कराराने संमती दिली असेल, तर निर्मात्याच्या उपभोगास त्याला हरकत घेता येत नाही. मुद्रणाचे बटण दाबले जात असताना वर्गात बोलत राहणे म्हणजे लेखी संमती नव्हे.

संमती असली तरी सारे मिटते असे नाही. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात 2021 च्या जानेवारीत एका विद्यार्थ्याने शंका विचारण्यासाठी कलेतिहासाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्राध्यापकांचा पत्ता शोधला, तेव्हा त्यास कळले की फ्रान्स्वा-मार्क गान्यों 2019 मध्येच निवर्तले होते. व्याख्यान चालू होते. शंका विचारावी असा व्याख्याता उरला नव्हता.

महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी झळ तासिका तत्त्वावरील अध्यापकांना बसू शकते. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. गतवर्षीची फीत दाखविली की तो तास उरत नाही. त्यांची नेमणूक सेवाकरारात मोडते की नाही, हेच वादग्रस्त आहे. ती मोडत नसेल, तर कलम 17 (सी) त्यांना लागूच होत नाही, आणि कायमस्वरूपी सहकाऱ्यापेक्षा त्यांचा दावा अधिक बळकट ठरतो. परंतु पुढील वर्षीची नेमणूक ज्या संस्थेच्या हाती आहे, तिच्याकडे हा दावा कोण मांडणार?