हेमाडपंती ही संज्ञा आणि चिऱ्यांची सांधणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा उल्लेख येताच ‘हेमाडपंती’ हे विशेषण त्यास जोडले जाते. चुन्यावाचून, केवळ घडीव चिऱ्यांवर चिरे रचून केलेले बांधकाम ते हेमाडपंती, अशी या संज्ञेची रूढ व्याख्या आहे. या व्याख्येत दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे : एक बांधकामाची रीत, व दुसरी त्या रीतीचे एका पुरुषाकडे दिलेले जनकत्व.

जनकत्वाचा विचार प्रथम करणे सोयीचे. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) या यादव राजांचा मंत्री होता. उलट, अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. आणि तेथेही चिरे चुन्याविनाच रचलेले आहेत. दोहोंत दोन शतकांचे अंतर असता ही रीत हेमाद्रीने प्रवर्तित केली, हे मत टिकू शकत नाही.

व्याख्येचा दुसरा दोष असा की, ‘चुना नाही’ हे लक्षण अभावात्मक आहे. चुना नाही, तर दगड कशाच्या बळावर उभे राहतात, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. वस्तुतः या रचनेचा आधार भार व घर्षण हा आहे. चिऱ्यांचे तळ सपाट घडविलेले असतात. वरचा भार खालचा सांधा दाबून धरतो. छताचे ओझे तुळयांवरून हस्तांवर व हस्तांवरून स्तंभांवर उतरते. छतही कमानीने नव्हे, तर प्रत्येक थर आतल्या बाजूस थोडा पुढे काढून मिटविले जाते. म्हणूनच पाया खचला किंवा झाडांची मुळे शिरली, की सांधे उघडे पडतात.

प्राचीन ईजिप्तचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील गवंडी जिप्समचा पातळ गारा वापरीत. परंतु तो दगड चिकटविण्यापेक्षा अवजड चिरा सरकवून नेमका बसविण्यास अधिक उपयोगी पडे. याशिवाय शेजारच्या दोन चिऱ्यांत खाचा पाडून, मध्ये चिंचोळे व टोकांस रुंद असे लाकडी तुकडे बसवीत. क्लार्क व एंगलबाख यांच्या १९३० च्या ग्रंथात या पद्धतींचे विवेचन आहे. गारा असूनही बांधकाम त्यावर अवलंबून नसावे, हे यावरून दिसते. तेव्हा ‘चुना आहे की नाही’ हा प्रश्नच अपुरा ठरतो.

लोकव्यवहारात ‘हेमाडपंती’ हे नाव खुशाल राहावे. संशोधनात मात्र ते कालनिर्णयाचा पुरावा मानता येणार नाही. त्यासाठी शिलालेख, तलविन्यास व मूर्तिशैली यांच्या जोडीस प्रत्येक वास्तूतील सांध्यांची प्रत्यक्ष नोंद हवी. लोणार व मेहकर येथील अवशेषांपासून हे काम आरंभिता येईल. दुरुस्तीच्या निमित्ताने सांध्यांत एकदा सिमेंट भरले गेले, की चिरा कसा घडविला व कसा बसविला, हे सांगणारा पुरावा कायमचा बुजतो.