आजीबाईचे शहाणपण आणि म्हणीचे मर्म

'आजीबाईचा बटवा' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे. मुळात ती सुंठ, ओवा, वेखंड, जायफळ यांची लहानशी पिशवी; पुढे घरगुती अनुभवाच्या साऱ्या संचयालाच ते नाव मिळाले. या संचयाकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एक त्याची भाबडी पूजा बांधते, तर दुसरी त्याला अडाणीपणा म्हणून बाजूस सारते. दोहोंत एक चूक समान आहे. दोन्ही भूमिका या शहाणपणाला विधानांची यादी समजतात. वस्तुतः ते विधानात नसून विधानाच्या योजनेत असते.

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण घ्यावी आणि तिच्याशेजारी 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही ठेवावी. तर्काच्या कसोटीवर या दोन म्हणी एकमेकींना खोडून काढतात. तरीही एकाच आजीच्या तोंडी दोन्ही असू शकतात आणि तीत तिला विसंगती जाणवत नाही. भात एकाच आधणात, एकाच आचेवर शिजतो. म्हणून एका शितावरून साऱ्या भांड्याचा निर्वाळा देता येतो. माणसे अशी एका आधणात शिजलेली नसतात. कोणता प्रसंग भातासारखा आणि कोणता माणसांसारखा, हे ओळखणे हेच खरे ज्ञान; आणि ते कोणत्याही म्हणीत सांगितलेले नाही. तरुणाला भूमितीत प्रावीण्य मिळू शकते, परंतु व्यवहारविवेकाला अनुभव, म्हणजेच काळ, लागतो, असे ॲरिस्टॉटलने म्हटले ते याच अर्थाने.

मराठी म्हणींच्या संग्राहकांनी मोठेच कार्य केले आहे. मॅन्वेरिंग यांचा विषयवार संग्रह 1899 साली प्रसिद्ध झाला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' 1942 ते 1947 या काळात निघाला. कोश म्हणीचा अर्थ देतो. पण ती कोणी, कोणाला, कोणत्या सुरात ऐकवली, हे त्याला देता येत नाही. सुनेला टोचण्यासाठी वापरलेली म्हण आणि नातीला सावरण्यासाठी वापरलेली तीच म्हण, या दोन भिन्न उक्ती होत. पाककृतींचेही असेच आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र' (1910) पासून कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (1970) पर्यंतच्या ग्रंथांनी, जेथे शिकवणारे वडीलधारे जवळ नव्हते अशा घरांनाही आधार दिला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि वाटी-चमच्याचे माप छापता येते, हाताचा अंदाज छापता येत नाही.

मात्र परंपरेने आलेले सारेच जपण्याजोगे असते असे नाही. ज्या हातांनी नातीला काढा दिला, त्याच हातांनी तिला शिवताशिवत आणि मुकाट्याने सोसणेही शिकवले. हा पेच मराठीत ज्या ग्रंथाने सर्वांत प्रामाणिकपणे मांडला, तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (1934 पासून). वडिलांचे टोकाचे सोवळे लक्ष्मीबाईंनी बालपणी अनुभवले. 1895 साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढे विचारान्ती त्यांनी जातिभेद टाकला आणि 1900 साली स्वतःही तो धर्म स्वीकारला. परंतु सोवळे गेले म्हणून सारे गेले नाही. संकटात विनोद न सोडणे, तुटपुंज्यात भागवणे, परक्या लेकराला जवळ घेणे, हे घरंदाज बायकांचे शहाणपण त्यांच्या वागण्यात आणि बोलीसारख्या गद्यातही टिकून राहिले. त्यांनी बटवा फेकला नाही, तो निवडून घेतला.

आजीच्या शहाणपणाचे मूल्य ठरवताना हीच कसोटी लावावी लागेल. जे सांगताना 'का' असा प्रश्न विचारू देत नाही, ती केवळ रूढी. आणि जे प्रसंग पाहून स्वतःलाही मुरड घालते, ते शहाणपण. तांदूळ निवडणाऱ्या स्त्रीला खडा टाकायला शिकवणारीही आजीच असते. नात तोच डोळा आजीच्या शिकवणीवर रोखते, तेव्हा ती परंपरा मोडत नाही. परंपरेने दिलेली सर्वांत मोलाची वस्तू ती वापरत असते.