ख्रिस्तपुराण : छापलेले आणि वाचलेले

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्याकडे किती प्रसंगी म्हटल्या जातात, याची गणती करणे कठीण. मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम असो, धर्मग्रामाची स्मरणिका असो, वा एखाद्या साहित्यमेळाव्यातील स्वागताचे भाषण असो, त्या ओव्या आल्यावाचून राहत नाहीत. अभिमान वाटावा अशाच त्या आहेत. परंतु मूळ ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, आणि त्यांपैकी चारसहा ओव्यांवर आपला सारा अभिमान उभा आहे. उरलेल्या ग्रंथाशी आपला परिचय नाही, हे स्पष्ट बोलायला हवे.

यावर ‘आजकाल वाचतो कोण?’ असे एक ठरीव उत्तर मिळते. ते उत्तर मला अपुरे वाटते. एखादा ग्रंथ कोणत्या लिपीत छापला जातो, छापखाना कोणाच्या ताब्यात असतो, प्रती कोणाच्या हाती पडतात आणि कोणाच्या हाती कधीच पडत नाहीत, या व्यवहारी गोष्टींनीही समाजाचे वाचन घडते किंवा बिघडते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या नशिबी जे आले ते समजून घ्यायचे तर काव्याइतकेच त्या काव्याच्या मुद्रणाकडे पाहावे लागते.

हिंदुस्थानातील पहिला छापखाना सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्यात उतरला. तो खरे तर अॅबिसिनियाला जायचा होता. गोव्यात राहिला तो परिस्थितीमुळे. येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात त्याची स्थापना झाली आणि हुआन दे बुस्तामांते या ब्रदरांनी तो चालविला. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ गोव्यातच छापून निघाला. १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ लिपीत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले. म्हणजे देशी लिपीचे खिळे पाडणे अशक्य होते असे नाही. तमिळला जे लाभले ते मराठीला लाभले नाही, एवढेच.

फादर स्टीफन्स यांना या उणिवेची जाणीव होती. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यास आला आणि साष्टीत (गोव्यातील साष्टीत, आपल्या मुंबईजवळच्या नव्हे) त्याने जवळजवळ सारे आयुष्य घालविले. १६०८ मध्ये संघाच्या प्रमुखांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी येथील लिपीत ग्रंथ छापता यावा अशी इच्छा व्यक्त केली आणि अडचणही सांगितली. रोमी लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात. येथील लिपी अक्षरावयवांची, काना-मात्रा-जोडाक्षरांची, तिच्या साच्यांची संख्या सहाशेच्या घरात जाते. ते साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले ते रोमी लिपीत. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या, त्याही रोमीतच.

या एका गोष्टीचे परिणाम किती दूरवर गेले! ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत, मराठी पुराणकाराच्या थाटात लिहिलेले हे काव्य मराठी मुलखातल्या कोणा पंडिताला, कीर्तनकाराला वा शास्त्र्याला वाचता येणार नव्हते. ते तुकोबांच्या काळातले काव्य. पण तुकोबांच्या मुलखाला त्याचा पत्ता नव्हता. राजकीय सीमा, धर्माची सीमा या होत्याच. त्यांच्याही आधी लिपीची भिंत उभी राहिली. पुढे मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिताना १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी काढलेल्या पुस्तकांपासून आरंभ करण्याची रूढी पडली. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’, जिच्यावाचून मराठी अभ्यासकाचे पान हलत नाही, तिची कालमर्यादाच मुळी १८०० पासून सुरू होते. यात कोणाचा आकस नव्हता. जे पुस्तक डोळ्यांना मराठी दिसत नाही ते मराठी म्हणून मोजले जात नाही. अनंत काकबा प्रियोळकरांसारख्या संशोधकाने गोव्यातील जुन्या मुद्रणाचा कसून शोध घेतला (त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्ये निघाला), तेव्हा कुठे ही उणीव भरून निघू लागली.

आता या ग्रंथाच्या जन्माची दुसरी बाजू. ती आपल्या लेखांतून सहसा येत नाही. पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की आमची पूर्वीची पुराणे वाचायला तुम्ही मना केली, मग त्यांच्या ठिकाणी वाचायला तुम्ही आम्हाला दुसरे काही का देत नाही? पुराण हे या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितले जाते. हा प्रश्न काव्याची सजावट म्हणून वाचून पुढे जाता येणार नाही. त्या काळी गोव्यात मराठी पोथ्या जप्त होत होत्या, जाळल्याही जात होत्या. ज्यांच्या घरातून एक ग्रंथ काढून घेतला गेला त्यांनीच दुसऱ्या ग्रंथाची मागणी केली. कारण ग्रंथावाचून आणि श्रवणावाचून दिवस काढण्याची त्यांना सवय नव्हती. सत्तेने पुस्तक हिरावले तरी वाचनाची भूक तिला हिरावता आली नाही, आणि त्या भुकेची कदर केली ती त्याच व्यवस्थेतल्या एका परदेशी धर्मगुरूने. स्टीफन्स यांचा मोठेपणा मान्य करताना या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. केवळ पहिली धरली तर कृतघ्नपणा होतो. केवळ दुसरी धरली तर इतिहासावर पांघरूण पडते.

ती भूक त्यांनी अचूक ओळखली, याची साक्ष काव्यच देते. मराठी कवीच्या रीतीप्रमाणे आधी वंदन. पण ते त्रैक्याला, पवित्र मरियेला, देवदूतांना व संतांना. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. मधूनमधून श्रोता शंका काढतो आणि पाद्रीबाबा तिचे निरसन करतात. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही. शुद्ध मराठी सर्वांना कळणार नाही म्हणून तीत तिकडच्या बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत, असे प्रस्तावनेत त्यांनी सांगून टाकले आहे. असा विचार प्रकाशकाचा असतो, आणि तो पुष्कळ प्रकाशकांनाही सुचत नाही. ग्रंथ कोणासाठी, तो कोठे व कसा ऐकला जाईल, हे आधी ठरवून त्यांनी भाषा निवडली.

म्हणूनच छापखाना बंद पडला तरी हा ग्रंथ बंद पडला नाही. १६८४ मध्ये विसेरेई कोंद दि आल्व्होर यांनी येथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. १६७४ नंतर गोव्यात ग्रंथमुद्रण थांबलेलेच होते, ते पुन्हा सुरू झाले १८२१ मध्ये. १७३६ च्या धर्मन्यायासनाच्या फर्मानाने लग्नकार्यातील ओव्यांवरही बंदी आली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. छापील पुस्तक नष्ट झाले आणि हाताने उतरलेल्या वह्या मात्र राहिल्या! मुद्रण ग्रंथाला अमर करते असे आपण शाळेत शिकतो; इथे नेमके उलटे घडले. दक्षिणेकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी त्या वह्या मंगळूरपर्यंत नेल्या. टिपू सुलतानाच्या कैदेत, १७८४ ते १७९९ या काळात, याच ओव्यांनी आपल्या पूर्वजांना धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते.

या वह्यांवरूनच जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे पुराणाची आवृत्ती काढली. परिश्रमपूर्वक केलेले, विद्वत्तेचे काम. ती आवृत्ती पुन्हा रोमी लिपीत निघाली. आता खिळ्यांची सबब उरलेली नव्हती. मुंबईत जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’ने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच देखणी देवनागरी अक्षरे घडविली होती. १६१६ मध्ये लिपीची निवड परिस्थितीने केली, १९०७ मध्ये ती वाचकांच्या सवयीने केली. साल्ढाणांचा वाचक रोमी वाचणारा होता आणि प्रकाशकाला आपल्या वाचकाकडे पाठ फिरविता येत नाही, म्हणून त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. पण एकदा उभी राहिलेली भिंत पुढे सवयीनेच कशी टिकते, याचा यापेक्षा बोलका दाखला मिळणार नाही. आपल्या उत्तर कोकणातही हेच दिसते. फ्रान्सिस्को व्हास दि गिमाराइश यांचे सतराव्या शतकातले दुःखसहनाचे पुराण प्रायश्चित्तकाळात येथल्या घरांतून गाइले जात असे. भाषा येथलीच, छपाई मात्र रोमी.

देवनागरी प्रत अस्तित्वातच नव्हती असे मात्र नाही. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला गेलेल्या देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अॅबट यांनी १९२० नंतरच्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. या प्रतीत एक मौज आहे. रोमी प्रतींत धर्मविधींची व पदांची नावे पोर्तुगीज-लॅटिन वळणाची येतात, तर येथे त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. लिपी बदलली तसा शब्दही बदलला. जणू एकच पुराण दोन निरनिराळ्या समाजांसाठी सिद्ध झाले होते. त्यांतला एक समाज ते पुराण ऐकत राहिला. दुसऱ्याच्या हाती ते पोचलेच नाही.

मराठी वाचकाला हा ग्रंथ आपल्या लिपीत, छापील रूपात मिळाला तो १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुण्याच्या आवृत्तीमुळे. पहिल्या मुद्रणानंतर ३४० वर्षांनी! १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांनी आजच्या मराठीतील गद्य रूपांतरासह मोठी आवृत्ती सिद्ध केली आणि २०१२ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी इंग्रजी अनुवाद जोडून मूळ संहिता प्रसिद्ध केली. या तिन्ही कामांचे ऋण मोठे आहे. तरीही एक गोष्ट बोलायला हवी. हे सारे ग्रंथ जाडजूड, अभ्यासकाच्या मेजावर शोभणारे. ते आपण विकत घेतो, प्रकाशनाला टाळ्या वाजवतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. ज्या ग्रंथाचा जन्म मोठ्याने वाचण्यासाठी झाला, रविवारी दुपारी देवळात बसून ऐकण्यासाठी झाला, त्याला आपण मुक्या वाचनाच्या स्वाधीन केले. लिपीची भिंत पडली आणि तिच्या जागी आदराची उभी राहिली.

मग काय व्हावे? नव्या संशोधित आवृत्तीची निकड मला वाटत नाही. दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा भाग तेवढा वेगळा काढावा, मोठ्या टाइपात, अवघड शब्दांचे अर्थ त्याच पानाच्या तळाशी देऊन, शंभरसव्वाशे पानांची पुस्तिका करावी. क्रूसाच्या वाटेच्या पुस्तिकेइतकी ती स्वस्त असावी, म्हणजे कुटुंबातल्या आजीपासून नातवंडापर्यंत सर्वांच्या हातात एकेक प्रत राहील. प्रायश्चित्तकाळाच्या शुक्रवारी रोझरीनंतर वीसपंचवीस ओव्या वाचल्या तर चाळीस दिवसांत पुष्कळ मजल मारता येते. पुस्तिकेच्या आरंभी विद्वत्तापूर्ण प्रस्तावना नसली तरी चालेल. ओवी कशी म्हणावी, कुठे थांबावे, तीन चरणांनंतर येणारा आखूड चौथा चरण आवाजात कसा उतरवावा, एवढे अर्ध्या पानात सांगितलेले असावे. नवा वाचक अडतो तो बहुधा इथेच. शब्द त्याला आठवड्याभरात कळू लागतात, पण ओवी तो गद्यासारखी वाचतो, आणि तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो.