पक्षिनिरीक्षणाचा उंबरठा

छंदांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात छंदाची थोरवी पुष्कळ असते. नवख्याने त्या छंदात शिरावे कसे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. पक्ष्यांवरचे मराठी लेखन मी गेली कित्येक वर्षे आवडीने वाचत आलो आहे. त्यात अरण्य आहे, पहाट आहे, एकान्त आहे, लेखकाचे भारावलेले मन आहे. पण ज्याने जन्मात कावळा, चिमणी आणि कबूतर यांपलीकडे काही ओळखले नाही अशा गृहस्थाला आत येण्याची वाट त्यात सहसा सापडत नाही. वाङ्मयाच्या टीकाकाराला या गोष्टीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. एखादे पुस्तक कोणाला समोर बसवून बोलते, हा प्रश्न शैलीचाच आहे असे मी मानतो. आणि या एका बाबतीत सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे इंग्रजी पुस्तक आपल्या साऱ्या पक्षिवाङ्मयाला अजूनही धडा देऊ शकते.

हे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले. त्याची गोडी समजायची तर नवख्याच्या पदरात प्रारंभी काय असते ते पाहिले पाहिजे. त्याने काहीतरी पाहिलेले असते, तेही दोन क्षण. तपकिरी होते, शेपूट वरखाली हलत होती, गेले उडून! नाव त्याच्यापाशी नसते. तेच त्याला हवे असते. आता तो एखादा शास्त्रशुद्ध ग्रंथ उघडतो. तेथे पक्षी उत्क्रांतीच्या नात्यागोत्यांप्रमाणे मांडलेले असतात. बदके, तित्तिर अशी मंडळी आरंभी येतात आणि घरासमोरची चिमणी, कावळा ग्रंथाच्या उत्तरार्धात कोठेतरी सापडतात. क्रम बिनचूक आहे. पण तो ज्याला कुळे ठाऊक आहेत त्याच्याच उपयोगाचा. शिवाय शास्त्र पुढे सरकले की हा क्रमही बदलतो, आणि जुन्या जाणत्यांनासुद्धा पाने चाळत बसावे लागते.

सलीम अलींनी पक्ष्याचे आकारमान सांगताना इंचांना फारशी किंमत दिली नाही. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार अशी ओळखीची मापे घेतली, आणि नवा पक्षी त्यांच्याहून थोडा मोठा की थोडा लहान एवढेच अधिक-उणे चिन्हाने सांगितले. ही क्षुल्लक सोय वाटेल, पण तिच्यामागे माणसाच्या डोळ्याचे खरे ज्ञान आहे. ‘तेवीस सेंटिमीटर’ हे झाडावरच्या पक्ष्यात कोणालाही दिसत नाही; ‘साळुंकीएवढा’ हे शेंबड्या पोरालाही दिसते. तीच गोष्ट रंगाची आणि ठळक खुणांची. ओळखायचे कसे याचे मार्गदर्शन त्या पुस्तकात आहे आणि ते पाहणाऱ्याच्या बाजूने केलेले आहे. पुढे एकेका पक्ष्याविषयी सांगताना तो कोठे बसतो, काय खातो, घरटे कसे बांधतो, हे असे चटपटीत येते की ओळख पटल्यावरही माणूस वाचतच राहतो. आणि मुख्य म्हणजे लेखकाने गाळण्याचे धैर्य दाखवले. १९९८ साली ग्रिमेट आणि इन्स्किप यांचा जो मोठा ग्रंथ निघाला त्यात भारतीय उपखंडातील सुमारे १३०० जाती आहेत. तो उत्तम ग्रंथ आहे, माझ्या टेबलावर असतो. पण पहिल्या दिवशी १३०० पक्षी समोर ठेवणे म्हणजे पाहुण्याला दारातच साऱ्या भाऊबंदांची वंशावळ ऐकवणे होय. तेराशेंचा ज्ञाता जेव्हा निवडक पक्ष्यांवर थांबतो तेव्हा त्याचा तो संयम असतो. आणि पुढे याच गृहस्थांनी डिलन रिप्ले यांच्यासह १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा ‘हँडबुक’ सिद्ध केला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संयमाची किंमत कळते.

हे सौजन्य त्यांच्या लेखणीत आले कोठून? ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या १९८५ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्याचा एक धागा मिळतो. १९०८ च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांची चिठ्ठी घेऊन तो मुंबईच्या ‘नॅचरल हिस्टरी सोसायटी’त भीतभीत गेला. साहेबापुढे उभे राहण्याची ही भीती ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण १८८३ साली ज्या आठ जणांनी ही सोसायटी काढली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपलेच होते. संस्थापकांत आपली माणसे असली म्हणून पंचवीस वर्षांनंतर एका पोराचे पाय लटपटायचे थांबत नाहीत. तेथे मिलर्ड नावाचे मानद चिटणीस होते. त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले, भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, आणि वाचायला पुस्तके दिली. प्रसंग एवढाच. मिलर्डसाहेबांनी त्या दिवशी जे केले तेच सलीम अलींनी तेहतीस वर्षांनी छापून काढले, असे म्हणण्याचा मोह मला होतो.

आमच्या आजच्या मंडळ्यांत मात्र निराळा अनुभव येतो. एका रविवारी मी पुण्याजवळच्या एका पाणवठ्यावर अशाच एका मंडळीबरोबर गेलो होतो. एक बाई आपल्या मुलाला घेऊन प्रथमच आल्या होत्या. मुलाने विचारले, “काका, तो शेपूट हलवणारा कोण?” काकांनी दुर्बिणीतून डोळा न काढता एक इंग्रजी नाव, त्याच्यापुढे एक उपजात आणि तिच्यापुढे एक शंका असे सगळे एका दमात सांगितले, आणि “घरून जरा वाचून यायचं असतं,” अशी पुस्ती जोडली. पोराने पुन्हा काही विचारले नाही. पक्षी धोबी होता! काठाकाठाने लुटूलुटू चालणारा, धुणे आपटावे तशी शेपूट आपटणारा. हा एक शब्द उच्चारला असता तर त्या मुलाला पक्षी, त्याची लकब आणि त्याची जागा अशा तिन्ही गोष्टी घेऊन घरी जाता आले असते.

मराठी नावांची ही श्रीमंती आपण वापरीत नाही याचे मला नवल वाटते. दुपारभर ठोक् ठोक् करीत राहणारा तांबट, पाने शिवणारा शिंपी, आपल्या घरट्याच्या आसपास कावळ्याला फिरकू न देणारा कोतवाल: अलुतेदार-बलुतेदारांचे सबंध गावच आपण झाडांवर वसवले आहे. (सुगरणीचे घरटे नर विणतो, हे त्या नावाला कोणी अजून कळवलेले दिसत नाही.) पावशा ओरडतो तेव्हा इंग्रजाला ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला, आपल्या शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू आले. नवख्याला आवाज लक्षात ठेवण्याचे याहून सुलभ साधन कोणते? अडचण नाही असे नव्हे. भारद्वाजाला कोठे कुंभारकावळा म्हणतात, एका गावचे नाव दुसऱ्या गावाला कळत नाही, आणि शास्त्राला एकच नाव हवे असते. परंतु ही अडचण शास्त्रज्ञाची आहे. ती पहिल्याच दिवशी पोराच्या गळ्यात कशाला बांधायची?

नवख्यावर अविश्वास दाखवण्याला ही मंडळी कसोशी म्हणतात. दुर्मीळ पक्षी पाहिल्याचे नवख्याने सांगितले तर पुरावा जरूर मागावा. माझा त्याला विरोध नाही. पण कसोशी सर्वांना सारखी लावली जात नाही, ही खरी गोम आहे. रानपिंगळ्याची हकीकत पाहा. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीचा पुरावा नव्हता. कर्नल मायनर्ट्झहागेन या बड्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने मात्र आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळवल्याचे नोंदवले होते. त्या चिठ्ठीवर दीर्घकाळ कोणी शंका घेतली नाही आणि तिने शोधणाऱ्यांची दिशाभूल केली. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तो नमुना डेव्हिडसन यांनी मिळवलेल्या जुन्या पक्ष्यांपैकीच, संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता. त्या खोट्या चिठ्ठीकडे पाठ फिरवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने रासमुसेन आणि त्यांचे सोबती १९९७ च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा चक्क दिवसाढवळ्या बसलेला आढळला. कर्नलसाहेबांना कोणी “घरून वाचून या” म्हटले नव्हते.

मराठीत हे काम करील असा माणूस कोण, याचा विचार करताना मारुती चितमपल्लींचे नाव साहजिकच प्रथम सुचते. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते; २०२५ साली ते गेले. वनाधिकारी म्हणून हिंडताना आदिवासींच्या तोंडची नावे त्यांनी निष्ठेने वेचली, आणि त्यांचा ‘पक्षिकोश’ हा त्या निष्ठेचा ठेवा आहे. त्यांच्या ललित गद्याने कितीकांना जंगलाची ओढ लावली. पण ललित लेख ओढ लावतो, ओळख करून देत नाही. आणि कोशाचे म्हणाल तर कोश नाव विचारतो. ज्याच्यापाशी नाव नाही त्याने कोशाचे कोणते पान उघडावे? चितमपल्लींचा हा दोष नव्हे. कोशाचा तो स्वभाव आहे. त्यांनी जमवलेली नावे आणि सलीम अलींची मांडणी यांची गाठ कोणीतरी घालायला हवी होती.

असे पुस्तक कोणी लिहायला घेतलेच तर त्याला माझी एक सूचना आहे. आरंभ कावळ्याने करावा. गावकावळा आणि डोमकावळा यांतला फरक शहरातल्या पदवीधरांपैकी किती जणांना सांगता येईल याची मला शंका आहे, आणि हे दोघेही श्राद्धाच्या पिंडाला हजर असतात. एकाची मान राखाडी, दुसरा अंगभर काळा, चोच जाड, आवाज घोगरा. वाचक पान मिटून गच्चीवर जाईल आणि पाच मिनिटांत दोन पक्षी ओळखून खाली येईल. तिसऱ्या पानावर कोणाला घ्यायचे ते लेखकाने आपल्या अंगणाप्रमाणे ठरवावे; माझ्या खिडकीसमोर सध्या दयाळ आहे.