वऱ्हाडच्या करारांतील तीन शब्द

सन १८७० मध्यें आल्फ्रेड लायल यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर अभ्यासकांच्या नित्य उपयोगाचें आहे. त्याच्या मथळ्यांत मात्र या प्रांतास हैदराबादचे 'नेमून दिलेले जिल्हे' म्हटलें आहे. हा शब्द वरवर निरुपद्रवी भासतो. आमच्या मतें परीक्षणास तोच पात्र आहे.

२१ मे १८५३ च्या तहानें कंटिन्जंट फौजेच्या खर्चासाठीं निजामानें वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग हे मुलूख कंपनीच्या कारभाराखालीं दिले. स्वामित्व निजामाचेंच राहिलें; वार्षिक हिशेब व शिल्लक त्यास देण्याचें ठरलें. धर्मशास्त्राच्या परिभाषेंत हा भोग्याधि म्हणावा: धनको फळ भोगतो, वस्तु ऋणकोची राहते. याज्ञवल्क्याच्या मतें असा आधि बुडत नाहीं.

१८६० च्या करारानें सुमारें ५० लाखांचें कर्ज माफ झालें. रायचूर व नळदुर्ग परत मिळाले. वऱ्हाड मात्र 'विश्वासानें धारण केलेला' मुलूख म्हणून इंग्रजांकडेच राहिला, आणि हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडला. ज्याचा हिशेब मागतां येत नाहीं तो विश्वास कसला? सालारजंगांनीं प्रांत परत मिळविण्यासाठीं केलेली खटपट व्यर्थ गेली. ५ नोव्हेंबर १९०२ रोजीं कर्झनच्या कारकीर्दींत तिसरा शब्द आला: सालीना २५ लाखांचा कायमचा 'इजारा'.

नेमणूक, विश्वास, इजारा. शब्द बदलत गेले, ताबा तोच राहिला. गॅझेटियर निघालें त्याच वर्षीं खामगांवचा कापूस नेण्यासाठीं लोहमार्गाचा फांटा सुरू झाला. हक्क उसना, पण बांधकाम पक्कें! पुढें मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूरकडे गेलेल्या 'शकुंतले'ची मालकी तर स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली. गाड्या मात्र रेल्वे खातें चालवी.

हा केवळ गतकालाचा विषय नव्हे. २०१७ साली श्रीलंकेनें हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्यानें चिनी कंपनीकडे सोंपविलें. जमीन, बंदर वा वीजकेंद्र परकीयांच्या हातीं देतांना किंमत किती आली यापेक्षां सोडविण्याची मुदत व हिशेबाचा हक्क लेखांत शाबूत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

अमरावती-अकोल्याकडील देशमुख-देशपांड्यांचीं दफ्तरें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस आमची विनंति कीं, १८५३ नंतरच्या कागदांत 'सरकार' हा शब्द निजामास लाविला आहे कीं इंग्रजांस, तें तारीखवार टिपावें. तहाचे मसुदे दरबारांत लिहिले गेले. स्वामित्व कोणत्या दिवशीं गेलें, तें कुळकर्ण्याच्या वहींत सांपडेल.