रोहिणीला कोणीं विचारलें?

२०११ सालीं जाहीर झालेल्या ५८ व्या राष्ट्रीय पारितोषिकांत समृद्धि पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा बोलपट उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. बाई व्यवसायानें वकील. तेव्हां दुसऱ्याचें मूल उदरांत वाढविण्याच्या प्रश्नाचें कायदेशीर अंग त्यांना चांगलेंच अवगत असणार. परवां जालन्यास घरच्या मंडळींसमवेत तो पुन्हां पाहिला, आणि पूर्वीं जें मनाला सहज पटलें होतें तें या खेपेस पटेना.

कथानक वाचकांच्या स्मरणांत असेल. मेरी नांवाची परदेशी स्त्री अपत्यासाठीं हिंदुस्थानांत येते. यशोदा ही गरीब खेडवळ स्त्री पैशांसाठीं तिचा गर्भ वाढविण्याचें कबूल करते. मूल व्यंग घेऊन जन्मणार असें कानीं येतांच मेरी पाठ फिरविते. मूल मात्र धडधाकट निपजतें, माधव या नांवानें यशोदेच्या अंगाखांद्यावर खेळतें, मराठी बोलूं लागतें. आणि मग मेरी परत येते. उर्मिला कानेटकर यांनीं यशोदेचें काम मनापासून केलें आहे, आणि तिच्या मायेविषयीं आम्हांला तिळमात्र शंका येत नाहीं.

उणें दुसरीकडे आहे. यशोदेच्या दुःखाचें सारें माप पैशाच्या व परक्या बाईच्या पदरांत घातलें आहे. प्रेक्षक डोळे पुसतो आणि निर्धास्त मनानें घरीं जातो. कारण त्याच्या घरांत कोणी मेरी नसते.

हीच समजूत पुढें कायद्यांतहि उतरली. २५ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या सरोगसी नियमन कायद्यानें मोबदला घेऊन असें मातृत्व पत्करणें बंद केलें. आतां विवाह झालेली, स्वतःचें मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची स्त्री आयुष्यांत एकदांच, आणि तेंहि केवळ परोपकारबुद्धीनें, हें करूं शकते. तिला औषधपाण्याचा खर्च व ३६ महिन्यांचा विमा मिळतो. बुडालेल्या मजुरीचा उल्लेख कायद्याच्या व्याख्येंत नाहीं. घनसावंगीकडील एखादी शेतमजूर बाई कापसाच्या वेचणीचे दिवस अंथरुणावर काढील, तर तो खाडा कोणाच्या खातीं मांडावयाचा? डॉक्टर फी घेतात, वकील घेतात, प्रयोगशाळा घेते. परोपकार तेवढा एकटीच्या वांट्याला! संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनें २०१७ सालींच भरपाई द्यावी अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाहीं.

२०१९ च्या विधेयकांत तर ही स्त्री जवळची नातेवाईकच असावी अशी अट होती. ती पुढें गळली हें खरें. पण विनामूल्य नऊ महिने द्यावयास परकी बाई कशाला येईल? घरचीच कोणी पुढें केली जाणार. मेरीच्या जागीं थोरली जाऊ कल्पून पाहा. यशोदेला निदान रक्कम सांगतां येत होती, आणि ती पुरी वाटली नाहीं तर मान हलवितां येत होती. धाकट्या जावेनें काय करावें? माजघरांत सासूनें विषय काढला, दिरांनीं डोळ्यांत पाणी आणलें, नवऱ्यानें खालीं पाहिलें, कीं तिचा होकार झालाच. बरें, व्यवहार संपला म्हणून सुटकाहि नाहीं. ज्याला नऊ महिने वाढविलें तो दर दिवाळीला समोर येऊन तिला ‘काकू’ म्हणणार. त्याच्या तापांत तिनें किती जागावें हेंहि थोरलीनें ठरवावयाचें. अनुमति मागें घेण्याची मुभा कायद्यानें गर्भ रुजविण्यापूर्वीं ठेविली आहे. परंतु ती वापरून त्याच घरांत पुढें नांदावयाचें असतें, हें कलमें लिहिणारांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

आमच्यांतील कित्येक सुशिक्षित या बाबतींत भागवताचा दाखला देतात. देवकीचा सातवा गर्भ योगमायेनें गोकुळांत रोहिणीच्या उदरीं नेऊन ठेविला, तोच बलराम. तेव्हां ही चाल आपल्याकडे प्राचीन व पवित्र आहे, असें त्यांचें म्हणणें. मीहि एकदां वर्गांत हा दाखला मोठ्या उत्साहानें दिला होता. मागच्या बाकावरील एका मुलीनें उभें राहून विचारलें, “सर, रोहिणीला कोणीं विचारलें होतें का?” घरीं येऊन मीं दशमस्कंध उघडला. भगवंताची योगमायेला आज्ञा आहे. देवकीचा गर्भ गेला म्हणून नगरजनांचा शोकहि आहे. रोहिणीची अनुमति कोठें आढळली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें सांगितलें. ती मुलगी नुसती हंसली.

राजीखुशीनें कोणी देतच नाहीं असें मात्र माझें म्हणणें नाहीं. २०१७ च्या मे महिन्यांत पुण्यास एका आईनें आपलें गर्भाशय लेकीला दिलें. तशी ती या देशांतील पहिली शस्त्रक्रिया. परंतु तेथें देणारी वडील होती व घेणारी धाकटी. धाकट्या जावेची गोष्ट याच्या नेमकी उलट.

पोरेबाईंनीं पुन्हां या विषयाला हात घातला तर त्यांनीं मेरीला विमानांतून आणूं नये. एखाद्या वाड्यांतील रात्रीचीं जेवणें आटोपल्यानंतरचा प्रसंग घ्यावा. सारीं ओसरीवर बसलीं आहेत, धाकटी सून भांडीं आवरते आहे, आणि सासूबाई आंत हांक देतात, “अगं, जरा बाहेर ये, तुझ्याशीं बोलायचं आहे.”